तिवरखारच्या बांधावरची मोजणी

तिवरखारच्या सगुणाबाईला शहाणपण शिकवायला गेलेला माणूस परत येताना थोडा गप्पच असतो, असं गावात म्हणतात. बाई अठ्ठावन्न वर्षांची. अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक. गावातल्या शिवल्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढणाऱ्या बायकांची ती पुढारी, तिला धरून सतराजणी. तिला कुणी निवडून वगैरे दिलेलं नाही. पहाटे सगळ्यांत आधी ती टोपली घेऊन निघते आणि बाकीच्या तिच्या मागून चालतात, एवढंच. पण गावात निवडून आलेल्यांचं जेवढं ऐकलं जात नाही, तेवढं तिचं ऐकतात, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे. ठाऊक नसतं तर ही गोष्ट घडलीच नसती.

गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. गावातल्या शाळेच्या मागून एक मातीचा बांध निघतो. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून कधीकाळी गावानं स्वतःच्या हातांनी घातलेला. वर दोन माणसं खेटून चालतील एवढी वाट. ही वाट उघाडीवरून जाते, म्हणजे पाणी आतबाहेर सोडायच्या लाकडी दारांवरून, मग तिवरांच्या झाडीत शिरते आणि थेट खाजणात उतरते. बारा मिनिटांचं चालणं. खाजण म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची जमीन. ओहोटीला तिथं सुकती म्हणतात. सुकती लागली की बायका खाजणात उतरतात, गुडघाभर चिखलात वाकून शिवल्या उपसतात आणि पाणी वळायच्या आत बाहेर पडतात. मग त्या शिवल्या विकायला मोरा बंदराच्या धक्क्याजवळ नाहीतर उरणच्या बाजारात. हा धंदा सगुणाच्या सासूनं केला, तिच्या सासूनं केला, आणि त्याआधी कुणी केला ते लिहून ठेवायची पद्धत तिवरखारमध्ये नव्हती.

दोन्ही बाजूंची शेतं गावानं केव्हाच विकली. सगुणाच्या घरचीही गेली. त्यातून घर पक्कं झालं, मुलगा शिकला, ऐरोलीला नोकरीला लागला. तिनं त्याबद्दल कधी गळा काढला नाही. पण बांध कुणाच्याच नावावर नव्हता, म्हणून तो कुणी विकलाही नाही. आता ती सगळी जमीन एका कंपनीकडे आली होती. कंपनीला तिथं भराव टाकून गोदामं आणि मागे इमारती उभ्या करायच्या होत्या, आणि भोवती आठ फुटी भिंत. नकाशात बांध होता. त्याच्यावरून चालणारी माणसं मात्र नकाशात दिसत नाहीत. ती आहेत की नाहीत हे ठरवायला कंपनीनं मोजणी करायचं ठरवलं, आणि इथंच सगुणाबाईनं माती खाल्ली.

चैत्रातली गोष्ट. एक दिवस सकाळी सात वाजता शाळेमागे, बांधाच्या तोंडाशी, एक बाई प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसली. तिशीची असेल. डोक्यावर छत्री, मांडीवर रजिस्टर, गळ्यात कसलंसं ओळखपत्र. नाव क्रांती सोनकांबळे. मूळची लातूरकडची, राहायला ऐरोलीत, मोजणीचं काम घेणाऱ्या एका संस्थेत नोकरीला. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी दिसलं ते फक्त रजिस्टर.

आता तिवरखारच्या बायकांना रजिस्टरची धास्ती का, तेही सांगायला हवं. आदल्याच वर्षी कुठल्याशा खात्याची माणसं अशीच रजिस्टर घेऊन आली होती. तिवरं तोडता म्हणून त्यांनी बायकांवर आळ घेतला, नावं लिहून घेतली आणि नऊ टोपल्या जप्त करून नेल्या. बायकांनी आयुष्यात तिवराची फांदी मोडली नव्हती. टोपल्या परत मिळाल्या नाहीत आणि नावं कुठं गेली तेही कळलं नाही. तेव्हापासून रजिस्टर दिसलं की त्या टोपल्या लपवायच्या.

सगुणानं कोपऱ्यावरून ती खुर्ची पाहिली आणि टोपली खाली ठेवून मागे वळली.

"बांदावरशी कोन जाऊ नका गो," ती म्हणाली. "ती बाय नावा लिवाला बसली हाय. मागच्या अंगानं चिखलान उतरा."

मालतीबाई, सगुणाची शेजारीण आणि लहानपणापासूनची मैत्रीण, कुरकुरली. "चिखलातनं अर्धा तास जाल गो. माझं गुडघं ऱ्हातील तिथंच."

"गुडघं ऱ्हायलं तरी टोपली तं ऱ्हाईल."

सगुणाबाईनं सांगितलं म्हणजे झालं. तीन दिवस सतरा बायका गावाच्या मागच्या अंगानं मांडीभर चिखल तुडवत गेल्या आणि तशाच आल्या. तिवरांच्या फटीतून त्यांना ती खुर्चीवरची बाई दिसायची. उन्हानं तिचा चेहरा रापला होता. तिसऱ्या दिवशी तर ती उभी राहून, डोळ्यांवर हात धरून, कुणी येतंय का म्हणून वाटेकडे बघत होती. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगुणा सगळ्यांत जास्त हसली. संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं ही हकीकत नवऱ्याला, वामनला, मीठमसाला लावून सांगितली. कसं एका शिकलेल्या बाईला तीन दिवस कोऱ्या कागदासमोर बसवलं, वगैरे. वामन मिठागरात जन्म घालवलेला मितभाषी माणूस. तो फक्त "हां" म्हणाला.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. बेलापूरच्या कचेरीत हरकतींवर सुनावणी होती. सोबत कंपनीचा अहवाल जोडलेला. वामन चष्मा लावून वाचायला उभा राहिला आणि वाचता वाचता थांबला.

"काय लिवलंय?" सगुणानं विचारलं.

"तीन दिस मोजनी केली. बांदावरशी जानारी माणसां, शून्य. येनारी, शून्य. वाट वापरात नाय, सबब बंद कराला हरकत नाय."

सगुणा तिथंच पायरीवर बसली. आयुष्यात ती कैक जणांवर चिडली होती, पण स्वतःवर इतकं चिडायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. त्या बाईनं खोटं काहीच लिहिलं नव्हतं. तिला जे दिसलं ते तिनं लिहिलं, आणि तिला काही दिसू नये याची सगळी व्यवस्था सगुणानं केली होती. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट तिनं आपल्या तोंडानं तीन दिवसांत पुसून टाकली होती.

गंमत म्हणजे सोळा जणींपैकी एकीनंही तिला बोल लावला नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गप्प राहिल्या, आणि ते तिला जास्त लागलं.

तोड काढली रूपेशनं. रूपेश हा तिच्या दिराचा मुलगा. गावचा कारभार तोच बघतो. गळ्यात साखळी, पायात पांढरे बूट आणि प्रत्येक गोष्टीवर तोडगा तयार.

"काकी, टेन्शन घेऊ नको," तो म्हणाला. "आपण सगले एकच बोलायचं. ती बाई बसलीच नव्हती. घरी बसून रजिस्टर भरलंय. अख्खं गाव सांगेल. शंभर माणसं एका बाजूला, ती एकटी एका बाजूला. विषय कट."

मालतीबाईनं सगुणाचा हात दाबला आणि कानात म्हणाली, "तसाच कराचा गो. कोनाला काय कलतंय?"

सुनावणीच्या दिवशी तिवरखार अख्खं बेलापूरला लोटलं. सभागृहात पंखे होते, पण त्यांचा वारा पुढच्या टेबलापलीकडे येत नव्हता. टेबलामागे सुनावणी घेणारे अधिकारी, बाबासो साळोखे. कोल्हापूरकडचा धिप्पाड माणूस, मिश्या पांढऱ्या, आवाज खणखणीत. एका बाजूला कंपनीतर्फे प्रसाद नावाचा गृहस्थ. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब, बोलणं गोड. त्याच्या मागच्या खुर्चीत ती मोजणीवाली क्रांती, मांडीवर तेच रजिस्टर.

प्रसादनं अहवाल वाचला. मग रूपेश उठला आणि ठरल्याप्रमाणे गरजला. "साहेब, हा अहवाल बोगस आहे! ही बाई आमच्या गावात आलीच नाही. विचारा सगल्यांना!"

"नाय आली! नाय आली!" गाव एका सुरात ओरडलं.

क्रांती ताडकन उभी राहिली. "सर, मी बसले होते," ती म्हणाली. "तिन्ही दिवस. सकाळी सात ते संध्याकाळी सहा. माझ्याकडं फोटो..." तिचं पुढचं बोलणं गोंगाटात बुडालं. प्रसादनंही तिच्याकडे संशयानं पाहिलं, हे सगुणानं टिपलं. म्हणजे हिची नोकरी जाणार. उन्हात तीन दिवस इमानानं बसलेल्या बाईला आपण घरी पाठवणार, आणि वर आपण खरे म्हणून मिरवणार.

सगुणाच्या मनात काय चाललं होतं ते तिनं नंतरही कुणाला नीट सांगितलं नाही. बांध जाईल, ही भीती होतीच. पण त्या बांधावरून आपण मान वर करून चालतो याचा तिला गर्व होता. खोटं बोलून वाचवलेल्या बांधावरून तशी मान वर करून चालता आली नसती. ती उठली. मालतीबाईनं पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"सायेब, ती पोरगी खरं बोलते."

गोंगाट थांबला. रूपेशनं कपाळावर हात मारला.

"ती बसली व्हती. तीन दिस बसली व्हती. मी बगलंय. तिचा कागद खरा हाय. आमीच बांदावरशी गेलो नाय. चिखलातनं लपून गेलो. आनि तसं सगल्यांना मीनी सांगलं व्हतं. चूक माझी हाय."

साळोखेसाहेबांनी चष्मा काढला. "लपून का गेलात ओ बाई?"

हा प्रश्न सगळ्यांत अवघड होता. गावात सगुणाबाईला कुणी कशाला घाबरताना पाहिलेलं नव्हतं. ती दीडशे माणसांसमोर म्हणाली, "भ्यालो सायेब. मागच्या साली असंच रजिस्टर आनून टोपल्या नेल्या व्हत्या. मना वाटलं, ही पन नेतील. मी भ्याली, म्हनून सतराजनींना चिखलान घातलं."

"म्हणजे तुमचं म्हणणं असं," साहेब म्हणाले, "की वाट रोज वापरात आहे, फक्त मोजायला माणूस बसला की नसते?"

कुणीतरी हसलं. सगुणा खाली बसली नाही. "हां सायेब. तसंच. सासूच्या सासूपासून आमी त्याच वाटंनं जातो."

प्रसाद पुढे सरसावला. "सर, हे नंतर सुचलेलं दिसतंय. शिवाय कंपनी कुणाची अडवणूक करत नाहीये. आम्ही पर्यायी रस्ता देतोय. भिंतीच्या बाहेरून, पेव्हर ब्लॉकचा, दिवे लावून. अंतर थोडं वाढेल, साडेचार किलोमीटर, पण सोय कितीतरी चांगली."

साळोखेसाहेबांनी दोघांकडे पाहिलं. "मी स्वतः येऊन बघणार. मोजणी पुन्हा होईल, आणि मोजणार याच बाई. येत्या गुरुवारी, सकाळी अकरा."

सगुणानं बोटांची पेरं मोजली. "गुरवारी आवस हाय सायेब. आवसेला दुपारची भरती. अकराला तुमच्या छातीला पानी लागंल. बगाचं असंल तं साडेपाचला या. सकालच्या."

प्रसाद मंद हसला. सरकारी माणूस पहाटे साडेपाचला खाडीवर, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हतं. पण साळोखेसाहेब म्हणाले, "आमच्याकडं उसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठाय लागायचं. साडेपाच म्हणजे तसा उशीरच म्हणायचा. येतो."

गावी परतताना रूपेश वाटभर धुमसत होता, पण घरी पोचेपर्यंत त्याचा दुसरा तोडगा तयार झाला. गुरुवारी दोनशे बायका उभ्या करायच्या. आसपासच्या गावांतून आणायच्या, गाड्या तो देणार, प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. "बांध दिसला नाय पायजे काकी, नुसत्या बायका दिसल्या पायजेत."

"एक पन नको," सगुणा म्हणाली.

"अगं पण सतरा म्हणजे काय! सतरा माणसांसाठी कोण भिंत मागं घेतो?"

मालतीबाईलाही ते पटत होतं. "सतरा दिसतील गो आपन. लोकां हासतील."

"सतरा हाव तं सतरा दिसू दे," सगुणा म्हणाली. "एकदा लपलो. आता उगाच फुगायचं पन नाय. जेवरं हाव तेवरं दिसाचं."

बोलायला बोलली, पण पुढचे चार दिवस तोच आकडा तिच्या डोक्यात घोळत राहिला. सतरा हा आकडा तिला कधी लहान वाटला नव्हता. आता वाटायला लागला. भांडी घासताना, अंगण झाडताना ती मनातल्या मनात बायका मोजायची आणि प्रत्येक वेळी त्या सतराच भरायच्या. अमावस्येची सुकती म्हणजे महिन्यातली सगळ्यांत मोठी. त्या दिवसाची वाट बायका एरवी आनंदानं बघतात. या खेपेला ती वाट बघण्यात आनंद नव्हता.

गुरुवारी साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना गाडी शाळेमागे आली. साळोखेसाहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडूनच उतरले. सोबत त्यांचा शिपाई सुभाष. पाठोपाठ प्रसाद, चकचकीत बूट घालून. क्रांती आधीच येऊन खुर्चीवर बसली होती. या वेळी तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या होता. तो कुणी ठेवला ते तिनं विचारलं नाही आणि सगुणानं सांगितलं नाही.

बायका ओळीनं उभ्या होत्या. कमरेला कासोटा, हातात टोपली. साहेबांनी नजर फिरवली. "एवढ्याच?"

"एवरंच," सगुणा म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही.

"आणि हा पर्यायी रस्ता कुठनं जातो?" साहेबांनी प्रसादला विचारलं.

प्रसादनं टॅबवर दाखवलं. हमरस्त्यापर्यंत जायचं, कंटेनरच्या रस्त्यानं वळायचं, मग भिंतीच्या कडेनं खाडीपर्यंत.

"मग आपण तिकडनंच जाऊ. चालत. या बायकांना जसं जावं लागंल तसं. बांधावरनं त्या जाऊ देत, आपण तिकडनं. खाजणात भेटू." साहेब सगुणाकडे वळले. "तुमच्यातली एकजण आमच्यासोबत पाहिजे."

महिन्यातली मोठी सुकती होती. जी येईल तिची आजची टोपली रिकामी राहणार होती. सगुणानं कुणाकडे पाहिलंही नाही. "मी येते," ती म्हणाली.

सोळाजणी बांधावर चढल्या आणि झपझप निघून गेल्या. हे चौघे उलट्या दिशेला वळले. पहिला किलोमीटर ठीक गेला. मग कंटेनरचा रस्ता लागला. एकामागून एक ट्रेलर धूळ उडवत जात होते आणि प्रत्येक वेळी कडेच्या गटाराला चिकटून उभं राहावं लागत होतं. सगुणा अनवाणी, रिकामी टोपली काखोटीला मारून, सगळ्यांच्या पुढे. प्रसाद म्हणत होता की एकदा काम झालं की इथं फूटपाथ होईल, झाडं लागतील, बाकडी येतील. साहेब नुसते घड्याळ बघत होते. पुढे भिंत जिथं येणार तिथं दगडांचे ढीग पडले होते. त्यातून वाट काढताना प्रसादचा एक बूट फाटला.

खाजणाच्या कडेला पोचले तेव्हा पावणेसात वाजले होते. सव्वा तास लागला. बायका चिखलातून बाहेर येत होत्या, कारण पाणी वळलं होतं.

"तुमची जागा कुठली?" साहेबांनी विचारलं. खाजणात प्रत्येकीची जागा ठरलेली असते, हे त्यांनी वाटेत तिच्याकडून काढून घेतलं होतं.

सगुणानं हात केला. तिकडे पाणी चकाकत होतं. "ती बगा. अर्ध्या तासापासून पान्याखाली."

तेवढ्यात मालतीबाई काठावर आली, तिनं आपल्या टोपलीतून दोन ओंजळी शिवल्या काढल्या आणि सगुणाच्या टोपलीत टाकल्या. मागून दुसरी आली, तिनंही टाकल्या. मग तिसरी. बाळंतीण, आजारी, घरात कुणी वारलेली, अशी जी खाजणात उतरू शकत नाही तिला प्रत्येकीनं दोन ओंजळी द्यायच्या, ही तिथली रीत. सोळाजणींच्या ओंजळींनी टोपली काठोकाठ भरली. सगुणाला आजवर या ओंजळी घ्यायची वेळ आली नव्हती. ती नेहमी देणाऱ्यांत होती. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत. अशा बायकांच्या पुढे आपण चालतो, याचा तिला त्या घटकेला इतका अभिमान वाटला की सतरा हा आकडा लहान आहे हे ती पार विसरून गेली.

"चला," साहेब म्हणाले. "परत जाऊ."

प्रसादनं घड्याळ पाहिलं. दहा वाजता त्याची वाशीला मीटिंग होती. फाटका बूट त्यानं हातात घेतला, दुसराही काढला आणि बायकांच्या मागून तो सरळ बांधावर चढला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी मिशीतल्या मिशीत हसून सुभाषला पुढे घातलं आणि स्वतःही चढले. बारा मिनिटांत सगळे शाळेमागे होते.

क्रांती प्रत्येकासमोर पेननं रेघ ओढत होती. साहेबांनी रजिस्टर मागितलं. "वाचा."

"जाणाऱ्या, सोळा," क्रांतीनं वाचलं. "येणारे, वीस. त्यात बायका सतरा आणि पुरुष तीन."

"मला कशाला धरलंय?" प्रसाद म्हणाला. चिखलानं भरलेले पाय तो गवतावर पुसत होता. "मी काय गावातला नाही."

"गाव विचारायचं नसतं सर," क्रांती म्हणाली. "जो चालत आला तो धरायचा. मागच्या वेळी कुणी आलं नाही म्हणून शून्य लिहिलं. आज तुम्ही आलात म्हणून वीस."

सतरा बायका अशा हसल्या की शाळेच्या कौलांवरची कबुतरं उडाली. रूपेशनं तर क्रांतीला चहा दिल्याशिवाय जाऊच दिलं नाही. तिच्यावर खोटा आळ घेतल्याबद्दल माफी मात्र त्यानं मागितली नाही. ती सगुणानं मागितली, आणि रूपेशला शेजारी उभं करून मागितली.

निकाल यायला सहा आठवडे लागले. कागद आला त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अंगणात माणूस मावत नव्हता. रूपेश खुर्चीवर चढून वाचायला लागला. बांधावरची वाट सार्वजनिक वहिवाटीची आहे. ती अखंड आणि खुली ठेवावी. कंपनीनं भिंत घालायची तर बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे घालावी, बांधावर नाही. लोक ओरडले, शिट्ट्या झाल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. सगुणा मागे भिंतीला टेकून उभी होती. मालतीबाई तिला मिठी मारून गदागदा हलवत होती.

"थांबा, थांबा, अजून आहे!" रूपेश ओरडला. मग त्यानं पुढचं वाचलं आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला.

"सतरा व्यक्तींचा वापर ही संख्या अल्प आहे, असा युक्तिवाद करण्यात आला. परंतु श्रीमती सगुणा वामन घरत यांनी मागील मोजणी खरी असल्याचे आणि चूक आपली असल्याचे सर्वांसमक्ष सांगितले. असे सांगितल्याने गावाची बाजू पडू शकते, हे त्यांना ठाऊक होते. जी व्यक्ती स्वतःचे नुकसान होत असतानाही खरे बोलते, तिच्या उरलेल्या म्हणण्यावर विश्वास ठेवणे या कार्यालयास योग्य वाटते. ही वाट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, हे त्यांचे म्हणणे त्यामुळे ग्राह्य धरण्यात येत आहे."

ज्यांनी त्या सभागृहात "नाय आली, नाय आली" म्हणून गळा फोडला होता, ते सगळे तिथंच उभे होते. एकेक डोकं मागे वळलं. वामन तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

सगुणाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"रूपेश," ती म्हणाली, "शेवटचं परत वाच. जोरात वाच. लास्टाच्या मानसाला ऐकू गेला पायजे."

रूपेशनं परत वाचलं, आणि या खेपेला तो खुर्चीवरून खाली उतरून, तिच्यासमोर उभा राहून वाचत होता.